घटसर्पाची लस, मे महिन्यातलं नागपूर आणि गाडीतला फ्रिज: एका प्रकरणाची पूर्ण हकीकत

पार्श्वभूमी

ही हकीकत नागपुरातल्या एका खाजगी पशुवैद्यकाची आहे, नाव सांगत नाही, इथे त्यांना फक्त डॉक्टर म्हणू. माझं काम सोलर आणि इन्व्हर्टर बसवण्याचं, गाड्यांची वायरिंगही करतो, म्हणून ते माझ्याकडे आले आणि त्यांच्या परवानगीने हे सगळं लिहून राहिलो, कारण गाडीत फ्रिज ठेवणाऱ्या बहुतेकांना हीच अडचण येते.

डॉक्टरांचा फेरा अमरावती रोडचा. वाडी, बाजारगाव, कोंढाळी, कारंजा घाडगे, कधी कधी पार आर्वीपर्यंत. हा पट्टा गवळाऊ गाईंचा, नागपुरी म्हशीही बऱ्याच, आणि आता छोटे डेअरीवाले वाढलेत. पावसाळ्याच्या आधी जनावरांना घटसर्प आणि फऱ्या या जनावरांच्या जीवघेण्या साथींची लस द्यावी लागते, म्हणजे काम नेमकं मे आणि जूनच्या सुरुवातीला येतं. लस साठवायची २ ते ८ अंशांत आणि बाहेर आमच्या नागपूरचं ऊन, नवतपा (मे अखेरचे सगळ्यात तापणारे नऊ दिवस) लागला की ४५ अंश म्हणजे कोणी बातमीही करत नाही. २३ मे २०१३ ला इथे ४७.९ नोंदलं गेलंय. २०२४ च्या मे अखेरीस रामदासपेठेतल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ दाखवलं होतं, तेव्हा देशभर गाजलं, पण नंतर तो सेन्सरच बिघडलेला निघाला. पण उन्हात काचा बंद करून उभ्या केलेल्या गाडीत ५५-६० अंश होतात, त्यासाठी सेन्सर बिघडायची गरज नाही.

आधी डॉक्टर आइसबॉक्स वापरायचे, जेल पॅक टाकून. हिवाळ्यात झकास चालतो. उन्हाळ्यात दर अर्ध्या तासाला झाकण उघडायचं म्हटलं की दुपारी एकदीडपर्यंत पॅक पाणी होऊन जातात आणि मग वाटेत बर्फ शोधत फिरा. म्हणून त्यांनी ३० लिटरचा कॉम्प्रेसरवाला १२ व्होल्टचा फ्रिज घेतला आणि गाडीच्या सिगारेट सॉकेटला लावला. गाडी जुन्या मॉडेलची डिझेल बोलेरो. चालू गाडीत फ्रिज मस्त चालायचा, पण गोठ्यावर तास दोन तास थांबायचं म्हणजे इग्निशन बंद आणि इग्निशन बंद की सॉकेट बंद. एकदा त्यांच्या ड्रायव्हरने किल्ली ऑन ठेवून फ्रिज चालू ठेवला, फ्रिजचं कमी व्होल्टेजचं सेटिंग 'लो' वर होतं म्हणजे बॅटरी पार उतरेपर्यंत तो ओढतच राहतो, आणि शेवटी गावातल्या पोरांना गाडी ढकलावी लागली. तेव्हा डॉक्टरांनी ऑनलाइन एक पॉवर स्टेशन मागवलं, लिथियमचं, हँडलवालं, वर लिहिलेलं '१,५०,००० एमएएच'.

त्यांचा हिशोब साधा होता. घरच्या इन्व्हर्टरला १५० एएचची बॅटरी, त्यावर पंखे-लाइट रात्रभर चालतात. १,५०,००० एमएएच म्हणजे हे पण १५० एएचच की, मग एवढासा फ्रिज दोन दिवस तरी चालेलच.

काय घडलं

मेच्या तिसऱ्या आठवड्यातला दिवस. सकाळी सातला निघाले. फ्रिज रात्री बंदच होता, निघताना लसीच्या बाटल्या घरच्या फ्रिजमधून काढून यात ठेवल्या आणि सोबत प्यायच्या पाण्याच्या चार बाटल्या, त्या साध्या, कोमट. फ्रिज मागच्या बाजूला, त्याच्या गरम हवा बाहेर सोडणाऱ्या जाळीला चिकटून औषधांची खोकी, वरून पोतं झाकलेलं, ऊन लागू नये म्हणून. पॉवर स्टेशन बाजूला, आणि फ्रिज त्याच्या २२० व्होल्टच्या सॉकेटला फ्रिजसोबत आलेल्या ॲडॅप्टरने लावलेला.

तीनच्या सुमारास पॉवर स्टेशन शून्यावर. तेव्हा ते कारंज्याच्या पुढे एका गोठ्यावर होते, ४० जनावरं बाकी, गाडी उन्हात. फ्रिज बंद झाल्याचं कळलं चारनंतर. मग गाडी चालू केली, फ्रिज सॉकेटला लावला आणि अर्ध्या-पाऊण तासात डिस्प्लेवर ६ आलं.

इथपर्यंत कुणालाही वाटलं असतं की चला, निभावलं. पण डॉक्टरांनी लसीच्या टोपलीत एक साधा डिजिटल थर्मामीटर टाकून ठेवला होता, कमाल-किमान लक्षात ठेवणारा. त्यात कमाल १७ दिसत होतं.

पहिला निर्णय: टोचायची की टाकायची

मला यातला हा सगळ्यात महत्त्वाचा क्षण वाटतो, आणि त्यात बॅटरीचा काही संबंध नाही. फ्रिजचा डिस्प्ले आत्ताचं तापमान सांगतो, मधे काय होऊन गेलं ते नाही सांगत. ६ दिसतंय, लस थंड लागतेय, शेतकरी दोरी धरून उभा, परत यायचं म्हणजे ८० किलोमीटर. उरलेली लस टोचून टाकली असती तर त्या दिवशी कुणाला काही कळलंही नसतं.

डॉक्टरांनी मला सांगितलं ते असं, की वाया गेलेली लस टोचली तरी जनावर त्या दिवशी ठणठणीतच दिसतं. फरक दिसतो पावसाळ्यात. घटसर्प म्हशींना जास्त भोवतो, घसा सुजतो, घुरघुर लागते आणि एका-दोन दिवसात जनावर जातं. शेतकरी तर निश्चिंत असतो की आपण लस दिली आहे, त्यामुळे लवकर धावपळही करत नाही. म्हणजे खराब लस ही लस न देण्यापेक्षा वाईट. मानवी लसींच्या बाटल्यांवर उष्णतेने रंग बदलणारा ठिपका असतो तसा या बाटल्यांवर नव्हता, आणि दीड तास नेमकी किती गरमी लागली ते ठरवायला दुसरं काही साधन नव्हतं. त्यांनी सगळ्या बाटल्या बाजूला काढल्या, शेतकऱ्याला स्पष्ट सांगितलं की भाऊ आज नाही होणार, परवा येतो, आणि दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानात आले. पहिलं वाक्य, "मला मोठी बॅटरी पाहिजे."

बॅटरी मोठी करायच्या आधी मोजमाप

मोठी बॅटरी विकणं सोपं आहे. पण एवढ्याशा फ्रिजने आठ तासात पॉवर स्टेशन कसं संपवलं हे आधी बघणं गरजेचं होतं, नाहीतर मोठीही तशीच संपणार.

आधी तो एमएएचचा आकडा. पॉवर बँक आणि अशा पॉवर स्टेशनवर एमएएच लिहितात ते आतल्या एका सेलच्या ३.७ व्होल्टवर धरून. १५० एएच गुणिले ३.७ म्हणजे ५५५ वॉट-अवर, म्हणजे खरा साठा, किती वॉट किती तास चालतील तो. घरची इन्व्हर्टर बॅटरी १५० एएच गुणिले १२ व्होल्ट, म्हणजे १८०० वॉट-अवर. एएच तेच, पण साठा एक तृतीयांशापेक्षाही कमी. खोक्याच्या मागे बारीक अक्षरात ५५५ डब्ल्यूएच लिहिलेलं होतंच, तेवढं एकच बघायचं असतं. व्होल्टेज सारखं नसेल तर एएचची एएचशी तुलना करण्यात काही अर्थ नाही.

मग फ्रिज. कॉम्प्रेसर चालू असताना तो ५० वॉटच्या आसपास घेत होता, हे चांगलंच आहे. प्रश्न असतो तो किती वेळ चालतो याचा. गार खोलीत असा फ्रिज तासातले १५-२० मिनिटं चालून थांबतो. त्या दिवशीची मांडणी आम्ही तशीच्या तशी गाडीत करून पाहिली, तीच खोकी, तेच पोतं, गाडी दुकानासमोर उन्हात, तर कॉम्प्रेसर तासातले ५० मिनिटं चालून राहिला होता. बरोबरच आहे, बाहेर ४५ आणि आत ५ म्हणजे फरक ४० अंशांचा, बंद गाडीत ६० झाले की फरक ५५ चा, म्हणजे भिंतीतून आत शिरणारी उष्णता तिथेच सव्वापटीच्या वर गेली, आणि दुसरीकडे कॉम्प्रेसरला गरमी बाहेर फेकायला गार हवाच नाही. जाळीला खोकी चिकटलेली आणि वरून पोतं. खिडकी-दार लावून खोलीत कूलर चालवला तर जे होतं तेच इथे होत होतं. शिवाय कोमट पाण्याच्या बाटल्या गार करायचं काम वेगळं.

तिसरी गळती ॲडॅप्टरची. पॉवर स्टेशनच्या आत डीसी, त्याचं इन्व्हर्टर २२० एसी करतो, मग फ्रिजचा ॲडॅप्टर परत त्याचं १२ व्होल्ट डीसी करतो. दोनदा उलटसुलट. फ्रिज थांबलेला असतानाही इन्व्हर्टर नुसता चालू राहायला १२ वॉट खात होता आणि ॲडॅप्टर गरम होत होता तो वेगळा, धरा ८ वॉट.

आता बेरीज करा. फ्रिजची सरासरी ४२, त्यात १२ आणि ८, म्हणजे ६२ वॉट. ५५५ पैकी प्रत्यक्ष हातात येतात ५०० च्या आसपास. ५०० भागिले ६२, आठ तास. सात वाजता निघाले, तीनला बंद. आकडा आकड्याला चिकटला तेव्हा डॉक्टर पहिल्यांदा थोडे शांत झाले, कारण तोवर त्यांना पॉवर स्टेशनच खराब आलंय असं वाटत होतं आणि परत पाठवायचा विचार चालू होता.

ताबडतोब काय बदललं

एक रुपया खर्च न करता: जाळीच्या बाजूने वीतभर जागा मोकळी, पोतं काढलं, त्याऐवजी काचेला आतून चकचकीत पडदा. रात्री घरीच फ्रिज विजेवर लावून गार करायचा, त्यातच पाण्याच्या बाटल्याही आदल्या रात्रीपासून, आणि गाडी शक्य तिथे कडुलिंबाखाली, काचा बोटभर उघड्या. ॲडॅप्टर घरी ठेवला, फ्रिज पॉवर स्टेशनच्या १२ व्होल्टच्या सॉकेटला थेट. तशा मांडणीत कॉम्प्रेसर तासातले साधारण ३३ मिनिटं चालला, सरासरी २७ वॉट. तेच ५०० वॉट-अवर आता १८ तास पुरणार. बॅटरी तीच, वेळ दुपटीपेक्षा जास्त.

डॉक्टर म्हणाले, मग झालं की काम. कागदावर झालंच होतं. पण दोन गोष्टी टोचत होत्या. एक, पॉवर स्टेशनच्या पुस्तकात चालवायची मर्यादा ४० अंश लिहिलेली. ३.७ व्होल्टच्या लिथियम सेलना गरमी सोसत नाही, आतलं सर्किट ठराविक तापमानाला आधी चार्जिंग बंद करतं आणि मग आउटपुटही. दोन दिवसांनी तेच झालं, बाजारगावच्या पुढे सावली मिळाली नाही, ६२ टक्के चार्ज शिल्लक असतानाच पॉवर स्टेशनने मान टाकली. सुदैवाने त्या वेळी सगळे गाडीजवळच होते, आणि सोबत म्हणून जुना आइसबॉक्स ठेवायला सांगितलेला होता, लस लगेच त्यात गेली.

दुसरी गोष्ट चार्जिंगची. सिगारेट सॉकेटवरून ते पॉवर स्टेशन १०० वॉटच्या आत चार्ज व्हायचं, त्यातले २७ तर फ्रिजच खाणार. आणि तो प्लग. कच्च्या रस्त्यावर स्प्रिंगचा संपर्क हलत राहतो, ८ अँपिअर तासनतास ओढले की गरम होतो, डॉक्टरांच्या प्लगचं टोक तर पिवळं पडून वाकलेलं होतं. मीटर लावून पाहिलं, इंजिन बंद, किल्ली ऑन, बॅटरीवर १२.५ आणि कॉम्प्रेसर सुरू असताना फ्रिजच्या टोकाला ११.५. एक व्होल्ट नुसता वायर आणि प्लगमध्ये गायब. मागे फ्रिज 'हाय' सेटिंगवर ठेवला की दोन मिनिटात एरर देऊन बंद व्हायचा म्हणून तर ड्रायव्हरने तो 'लो' वर टाकला होता, आणि त्यातून गाडी ढकलायची वेळ आली होती. दोष ना बॅटरीत होता ना फ्रिजमध्ये, मधल्या दोन मीटरमध्ये होता.

कोणते पर्याय तोलले

पेल्टिअरवाला, म्हणजे कॉम्प्रेसर नसलेला स्वस्त कार फ्रिज कुणीतरी डॉक्टरांना सुचवला होता, तो पहिल्या मिनिटात बाद. तो बाहेरच्यापेक्षा फारतर २०-२५ अंश खाली जातो. पुण्यात जानेवारीत कोल्ड्रिंकला ठीक, नागपुरात मेमध्ये लस २० अंशांवर ठेवून काय करणार. आणि तो थांबत नाही, सतत ओढतो.

इंजिन चालू ठेवणं, तेही विचारून झालं. उभ्या गाडीत तासाला अर्धा-एक लिटर डिझेल, गोठ्यात धूर, जनावरं बिथरतात. नको.

घरच्यासारखी ट्यूब्युलर बॅटरी मागे टाकायची, ही ड्रायव्हरची कल्पना होती. स्वस्त आणि ओळखीची. पण १५० एएचची बॅटरी ५० किलोच्या वर जाते, ॲसिड हिंदकळतं, चार्ज होताना गॅस सोडते आणि ती बंद गाडीत माणसांच्या मागे. मी स्वतः हे कुणाच्या गाडीत बसवत नाही.

अजून मोठं पॉवर स्टेशन, हजार वॉट-अवरचं. त्यात आता लिथियम फेरो फॉस्फेटचे मिळतात, ते गरमी बरी सोसतात. पैसे बरेच, आणि गाडीतून चार्ज करायचं ते परत त्याच सिगारेट प्लगने, म्हणजे मूळ दुखणं तसंच.

शेवटचा पर्याय, लिथियम फेरो फॉस्फेटची सुटी १२.८ व्होल्टची बॅटरी, सोबत डीसी-डीसी चार्जर (गाडीच्या विजेवर ही दुसरी बॅटरी भरणारा), आणि स्वतंत्र जाड वायर. याच्यावर आम्ही थांबलो. पण ५० एएच की १०० एएच यावर चांगलीच चर्चा झाली. डॉक्टरांना १०० हवी होती, एकदा पोळलेला माणूस जास्तच मागणार. मी हिशोब मांडला. ५० एएच म्हणजे ६४० वॉट-अवर, त्यातले ८० टक्के वापरले तरी २७ वॉटला १८-१९ तास. आणि ही नुसती उभी बॅटरी नाही, गाडी चालली की भरते. २० अँपिअरचा डीसी-डीसी तासाला अडीचशे वॉट-अवर टाकतो, म्हणजे एक तास ड्रायव्हिंग बरोबर फ्रिजचे नऊ तास. डॉक्टर रोज तीन तास तरी गाडीत असतात. ते दिवसाला ७५० टाकणार आणि फ्रिज चोवीस तासात ६५० खाणार. बॅटरी रोज भरत असेल तर तिचा आकार फक्त सगळ्यात लांब थांब्यापुरता लागतो, आणि त्यांचा सगळ्यात लांब थांबा म्हणजे आर्वीचा रात्रीचा मुक्काम, १२ तासांचा. ५० वर ठरलं. वाचलेले पैसे वायर, फ्यूज आणि चांगल्या थर्मामीटरवर.

काय बसवलं आणि कसं

गाडीच्या बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरावर ४० अँपिअरचा फ्यूज. हा फ्यूज डीसी-डीसीजवळ नाही, बॅटरीजवळच पाहिजे, कारण मधे कुठे वायर घासून बॉडीला टेकली तर आग त्या मधल्या तुकड्यात लागते. तिथून १० स्क्वेअर एमएमची वायर मागे. ५ मीटर जाणं, ५ येणं, तांब्याची वायर, २५ अँपिअरला ०.४३ व्होल्ट पडतात, चालेल. ६ ची टाकली असती तर ०.७ च्या वर पडले असते. लोखंडी पत्र्यातून जिथे जिथे वायर जाते तिथे रबरी ग्रोमेट आणि वरून कोरुगेटेड पाइप, याला वेळ जातो पण खेड्यातल्या रस्त्यांवर हेच टिकवतं.

डीसी-डीसीची एक बारीक वायर इग्निशनला, म्हणजे किल्ली ऑन असेल तेव्हाच तो गाडीच्या बॅटरीतून घेणार. किल्ली बंद केली की स्टार्टर बॅटरीला आता फ्रिज दिसतच नाही, तो रात्रभर चालू राहिला तरी गाडी सकाळी चालू होणारच. लिथियम बॅटरी ड्रायव्हरच्या सीटमागे खाली, पट्ट्याने बांधून, ऊन कुठूनच येत नाही अशा जागी. बोनेटमध्ये जागा होती, ड्रायव्हर म्हणत होता तिथे लावू, पण तिथली गरमी या बॅटरीसाठी विषच. या सेलही फार तापल्यावर चार्जिंग थांबवतातच, फरक एवढाच की ३.७ वाल्यांपेक्षा जास्त दम धरतात.

बॅटरीपासून फ्रिजपर्यंत २.५ स्क्वेअर एमएम, १५ अँपिअरचा फ्यूज, आणि सिगारेट प्लग कापून टाकून अँडरसनचं कनेक्टर, जे खटकन बसतं आणि हलत नाही. आता फ्रिजच्या टोकाला मोजलं तर बॅटरीपेक्षा ०.१-०.२ च कमी. फ्रिजचं सेटिंग 'लो' वर, कारण आता खालची मर्यादा बॅटरीचं स्वतःचं बीएमएस, म्हणजे आतलं संरक्षक सर्किट, सांभाळतं. हाच फ्रिज कधी गाडीच्या मूळ बॅटरीवर लावायची वेळ आली तर मात्र 'हाय' वर, ही चिठ्ठी झाकणावर चिकटवून दिली.

सगळं मिळून खर्च वीस-बावीस हजारांच्या घरात गेला, फ्रिज सोडून.

मधेच उद्भवलेली दुसरी अडचण

वीज आता भरपूर झाल्यावर डॉक्टरांनी फ्रिज ३ वर ठेवला, म्हणजे हाताशी थोडी थंडी जास्त. दुसऱ्या दिवशी थर्मामीटरचं किमान उणे १ दाखवत होतं. फ्रिजचा सेन्सर एका ठिकाणी असतो आणि थंड होणारी भिंत दुसऱ्या ठिकाणी, कॉम्प्रेसर चालू असताना भिंतीजवळचं तापमान डिस्प्लेच्या बरंच खाली जातं. भाजी असती तर कुणी लक्षही दिलं नसतं. पण घटसर्प, फऱ्या, लाळ्या-खुरकूत या लसी गोठल्या की संपल्या, वितळवून परत वापरता येत नाहीत. थोड्या वेळच्या गरमीपेक्षा गोठणं यांना जास्त घातक. त्या दिवशी नशिबाने आत फक्त पाण्याच्या बाटल्या होत्या, कारण नवीन मांडणीत पहिले दोन दिवस लस ठेवायचीच नाही असं डॉक्टरांनी स्वतःच ठरवलं होतं. हा त्यांचा निर्णय मला फार आवडला.

उपाय साधा निघाला. सेटिंग ५ वर, भिंतींना लागून पाण्याच्या बाटल्या उभ्या, मधे प्लास्टिकची टोपली आणि लस त्यातच. थर्मामीटरचा प्रोब हवेत लटकवण्याऐवजी पाणी भरलेल्या रिकाम्या औषधाच्या बाटलीत, म्हणजे लसीला जे लागतंय तेच मोजलं जातं, झाकण उघडल्याचे झटके दिसत नाहीत. त्या बाटल्यांचा दुसरा फायदा, फ्रिज बंद पडला तरी हाच पाण्याचा साठा काही काळ धरून ठेवतो.

निकाल

त्यानंतरचा पूर्ण नवतपा डॉक्टर फिरले. थर्मामीटर ३ ते ७ च्या मधेच राहिला. बॅटरी संध्याकाळी घरी येताना बहुतेक वेळा ९० टक्क्यांच्या वर असायची. आर्वीला रात्र काढली त्या सकाळी ४० टक्क्यांच्या आसपास होती, तिथे अंगणातली रात्रही ३२-३३ अंशांची होती. लस परत कधी टाकावी लागली नाही. ज्या शेतकऱ्याला परवा येतो म्हणाले होते त्याच्याकडे तिसऱ्या दिवशी जाऊन चाळीसही जनावरं केली, आणि आदल्या वेळी लस का टाकली हे ऐकल्यावर त्याने शेजारचे दोन गोठे डॉक्टरांना मिळवून दिले.

जुनं पॉवर स्टेशन वाया गेलं नाही. ते आता घरच्या लसीच्या फ्रिजजवळ असतं, लाइट गेली की त्यावर. सावलीत, पंख्याखाली ते छानच चालतं.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या खरेदीआधी एक स्वस्त वॉट मोजणारं मीटर घेऊन फ्रिज एक पूर्ण दिवस उभ्या गाडीत, खऱ्या उन्हात चालवून बघितला असता तर पॉवर स्टेशनचे पैसे सरळ सुट्या बॅटरीत गेले असते. खोलीत करून पाहिलेली चाचणी इथे कामाची नाही, मेमधली दुपारच पाहिजे.

फ्रिज बंद पडल्याचं तासाभराने कळलं, हे अजूनही पूर्ण सुटलेलं नाही. तापमान ८ च्या वर गेलं की मोबाइलवर घंटी वाजवणारा लॉगर घ्यायला मी सांगितलं होतं, डॉक्टरांनी तेव्हा खर्च म्हणून टाळलं. माझ्या मते ते बॅटरीच्याही आधी घ्यायला हवं होतं. आणि आइसबॉक्स गाडीतून काढायचा नाही, जेल पॅक कंडिशन करून, म्हणजे फ्रीझरमधून काढून बाहेरून घाम फुटेपर्यंत आणि हलवल्यावर आत पाणी वाजेपर्यंत थांबूनच वापरायचे, नाहीतर तिथेही लस गोठते.

आता डॉक्टरांचे काटोलकडचे एक सहकारी हीच मांडणी मागून राहिलेत, पण त्यांची गाडी नवीन आहे, एप्रिल २०२० नंतरची बीएस-६. अशा बऱ्याच गाड्यांत अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी भरणारा) व्होल्टेज वरखाली करतो आणि बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर करंट मोजणारा सेन्सर असतो. तिथे डीसी-डीसीचं निगेटिव्ह सरळ बॅटरीच्या टोकाला न लावता चॅसिसला द्यावं लागतं, नाहीतर गाडीला आपण घेतलेला करंट कळतच नाही. त्यांना आधी गाडी घेऊन या म्हटलंय, चालू इंजिनवर अर्धा तास मीटर लावून बघतो आणि मगच वायर किती जाड, चार्जर किती अँपिअरचा ते ठरवतो.